तळटीप : रस्त्याकडेचा लेख

४. *‘रस्त्याकडेचा लेख’* : रायगड जिल्ह्यातील कासूहून महामार्गाने वडखळपर्यंत जाऊन पोयनाडमार्गे अलिबागला आणि तिथून रेवदंड्याच्या वाटेने निघाले की आक्षी गाव लागते. मूळ मजकुरात अभिप्रेत आहे तो याच गावचा शिलालेख. आज आपण गावच्या वेशीवर माहितीफलक लावतो. कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांच्या काळात ते काम अशी शिळा करी. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर दान अबाधित. मध्ये देवनागरी अक्षरांत मराठी मजकूर. खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी. म्हणूनच अशा दगडाला गद्धेगाळ म्हणतात. आक्षीच्या लेखात कोकणचा राजा केसीदेवराय, त्याचा प्रधान भइर्जु सेणुई आणि महालक्ष्मी देवीसाठी दिलेले धान्य यांचा उल्लेख येतो. प्राचीन मराठी लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी त्यातील काळ शके ९३४ (इ. स. १०१२) असा वाचला. तो मानल्यास हा मराठीतील अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक ठरतो. काही अभ्यासक मात्र शके ११३२ धरतात. झिजलेल्या आकड्यांनी सुमारे दोनशे वर्षांचा फरक पडतो, तो असा.

हा दगड कित्येक वर्षे ऊनपाऊस सोसत उघड्यावर उभा होता. कोकणात शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारात असे दगड आजही आढळतात. त्यांना शेंदूर वा रंग फासू नये, अक्षरे खडूने गिरवू नयेत. सकाळच्या वा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घेतले तर पुसट अक्षरेही उठून दिसतात. वाचकांनी एवढे अवश्य करावे. *— संपा.*