कयाधूकाठची नावे आणि ग्रीक कथा

कनेरगाव नाका हे गाव हिंगोली-वाशीम रस्त्यावर, मराठवाडा आणि विदर्भाच्या वेशीवर आहे. 1853 पासून पलीकडच्या वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे होता, अलीकडे 1948 पर्यंत निजामाचे राज्य. सोयरिकी मात्र दोन्हीकडच्या, आणि सोयरिकींबरोबर मुलींची नावेही वेस ओलांडत राहिली. आता मराठी घरांतल्या बारशांच्या बोलण्यात आयरिस, अथीना, डॅफ्नी ही ग्रीक नावे येऊ लागली आहेत आणि त्यावर पहिली हरकत ठरलेली असते: आपल्या पुराणांत नावांची काय वानवा आहे? वानवा नाही, हे खरे. पण ती नावे आपण लेकींना कितपत दिली, हे तपासायला कनेरगावाहून फार लांब जावे लागत नाही. हिंगोली तालुक्यातच कयाधूच्या काठी नरसी आहे, परंपरेने नामदेवांचे जन्मगाव. त्यांच्या मुलांची नावे नारा, विठा, गोंदा, महादा, म्हणजे नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव. आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, लेक लिंबाई; सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. मुलगे देवांच्या नावाचे, बायकांची नावे मायेची, घरगुती. त्यात कमीपणा काही नाही. मात्र मुलाला हाक मारताना देवाचे नाव ओठी यावे, हा अजामिळाच्या कथेतला हिशेब लेकींपर्यंत पोचलेला दिसत नाही. कयाधू ही प्रल्हादाची आई. तिची कथा कीर्तनाकीर्तनांत सांगितली गेली, नदीला तिचे नाव मिळाले, तरी जुन्या पिढीत त्या नावाची बाई विरळाच. सीता, रुक्मिणी, द्रौपदी ही नावे होतीच, पण पुराणातली नावे हा लेकींचा सरसकट वारसा होता, असे म्हणता येत नाही.

दुसरी हरकत परकेपणाची. इथे नाशिकच्या पांडवलेण्यांकडे पाहावे. तिथल्या सतराव्या लेण्याचा दाता उत्तरेकडच्या दात्तामित्री गावचा योनक, म्हणजे ग्रीक. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, बापाचे धर्मदेव, मुलाचे धर्मरक्षित. कार्ल्याच्या लेण्यातही यवन दात्यांची इथल्या वळणाची नावे कोरलेली आहेत. यावर कोणी म्हणेल, ते आपल्यात मिसळले, आपण काही ग्रीसला गेलेलो नाही. बरोबर आहे. पण इंद्राग्निदत्ताच्या घराने नाव रक्तावरून घेतले नाही. ज्या धर्माला त्यांनी डोंगर कोरून दान दिले, त्या धर्माचे शब्द त्यांनी मुलाच्या नावात घेतले. मला हीच कसोटी मोलाची वाटते, आणि ती आजच्या ग्रीक नावांनाही लावली पाहिजे.

त्या कसोटीवर बरीच नावे टिकत नाहीत, हेही मानले पाहिजे. डॅफ्नी कानाला गोड लागते. पण कथेतली डॅफ्नी अपोलो देवापासून जीव घेऊन पळाली आणि सुटण्यासाठी झाड झाली. पर्सेफनीला पाताळाचा देव हेडीज याने पळवून नेले. म्हणून ही नावे अशुभ, असे म्हणणाऱ्यांनी सीतेचे हरण आठवावे; तरीही सीता हे नाव घरोघर ठेवले गेले, कारण तिचे दुःख आणि तिचा ताठ कणा दोन्ही लोकांना तोंडपाठ होते. ग्रीक नावामागे असे ऐकणे बहुधा नसते. आईबापांनी ती कथा वाचावी, मुलीला कळू लागल्यावर सांगावी. मग अथीना हे नाव कयाधूइतकेच आपले होऊ शकते. उच्चाराची भीती तर मुळीच नको. ज्या बोलीने नारायणाचा नारा केला, ती अथीनालाही वळवून घेईल.

नावाच्या परकेपणावर इतके बोलले जाते, पण लेकीच्या नावावर खरा घाला दुसरीकडेच पडतो. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक मुलींची ‘नकोशी’ अशी नावे बदलावी लागली. ती नावे अस्सल मराठी होती. आणि लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवरीचे नवे नाव लिहिण्याची चाल अजून काही घरांत आहे. आत्याने पाळण्यात कानात सांगितलेले, शाळेच्या दाखल्यावर चढलेले, ज्याला तिने वीस-पंचवीस वर्षे ओ दिली ते नाव तिथे एका अंगठीने बदलले जाते. बारशाला परके नाव नको म्हणणाऱ्यांनी या ताटापाशीही तितक्याच जोराने हरकत घ्यावी, असे मला वाटते.