मोह (आदिवासी आहारातील)

मध्य व पश्चिम भारताच्या पानझडी वनांतील, चिकूच्या कुळातला (सॅपोटेसी) मोठा वृक्ष. शास्त्रीय नाव मधुका लाँजिफोलिया. शहरात मोह म्हटले की दारू आठवते. गोंड, माडिया, कोरकू, वारली, कातकरी, भिल्ल यांच्या घरी मात्र तो आधी अन्न आहे.

फुले मार्च-एप्रिलमध्ये, झाडावर पाने नसताना येतात आणि पहाटे गळतात. बाया व मुले उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. उशीर झाला तर गुरे, हरणे नि अस्वले आधी पोचलेली असतात. वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत आहे. त्यातून वणवे पेटतात, म्हणून आता काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात. शेतासाठी रान मोकळे केले तरी मोह राखला जातो, आणि कोणते झाड कोणत्या घराचे हे अनेक गावांत ठरलेले असते.

उन्हात वाळवलेली फुले बेदाण्यासारखी तपकिरी होतात. ओल लागू दिली नाही तर पुढच्या हंगामापर्यंत टिकतात. ती भाजून तीळ किंवा जवसाबरोबर कुटून लाडू वळतात, कडधान्याबरोबर शिजवतात, पिठात मळून गोडसर भाकरी थापतात, रस आटवून राब करतात. कोवळ्या फळांची भाजी होते. बियांना कुठे टोळ, कुठे टोरी, कुठे मोहट्या म्हणतात. त्यांचे तेल थंडीत थिजते. ते फोडणीला, दिव्याला आणि अंगाला लावायलाही चालते. पेंड मात्र सॅपोनिनमुळे खाण्याजोगी नसते. ती ओढ्यात टाकून मासे गुंगवतात.

वाळल्या फुलाचा मोठा भाग साखरेचा, प्रथिने बेताचीच. त्यामुळे तीळ-जवस किंवा कडधान्याची जोड नुसती चवीपुरती नाही. कणगी रिकामी होते त्या पावसाळी दिवसांत हा साठा घर तगवी.

सरकारी कायद्याने फुलाकडे पाहिले ते अबकारी महसुलाच्या डोळ्यांनी. 1892च्या मुंबई मोहरा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करणे व बाळगणे यांवर बंधने आली. दारू रोखायची म्हणून लोकांच्या तोंडचा घास अडवला गेला. स्वातंत्र्यानंतर 1949च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवरचे नियंत्रण राहिले. दारूचे दुखणे खरेच आहे: गडचिरोलीत 1993मध्ये दारूबंदी झाली, तिच्यामागे गावोगावच्या बायांची चळवळ होती. पण भट्टी बंद करणे वेगळे आणि टोपली जप्त करणे वेगळे.

2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासींची मालकी मान्य केली. महाराष्ट्रात मोहफुले गोळा करणे, साठवणे व त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध 2021मध्ये उठले. विनापरवाना दारू गाळणे हा आजही गुन्हाच आहे.