विलंबाचा ठावठिकाणा

व्हर्च्युअल मशीन मंदावले की संशय पहिल्यांदा स्टोरेजवर जातो आणि लगेच वेगवान डिस्कची मागणी पुढे येते. ही मागणी बहुधा घाईची असते. एका वाचनाला 20 मिलिसेकंद लागले, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तो वेळ कोणत्या थरात गेला, हे आधी शोधावे लागते.

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय होस्टवर ईएसएक्सटॉप हे साधन ही फोड करून दाखवते. विनंती होस्टबाहेर जाऊन उत्तर परत येईपर्यंतचा वेळ म्हणजे डीएव्हीजी. हायपरव्हायझरच्या कर्नलमध्ये ती थांबली तो वेळ म्हणजे केएव्हीजी. दोन्हींची बेरीज जीएव्हीजी. केएव्हीजी शून्याजवळ असायला हवा. तो सतत 2 मिलिसेकंदांच्या वर राहू लागला, तर विनंत्या बहुधा होस्टच्याच रांगेत अडकलेल्या असतात.

मात्र या निदानावरून सुचणारा रांग वाढवण्याचा उपाय फसवा ठरू शकतो. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेल्या नियमानुसार, व्यवस्थेत असलेल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे काम येण्याचा दर गुणिले प्रत्येक कामाचा सरासरी मुक्काम. समजा, एका लनची, म्हणजे स्टोरेज अ‍ॅरेने होस्टला दिलेल्या डिस्कची, रांग 32 विनंत्यांची आहे आणि डीएव्हीजी 4 मिलिसेकंद आहे. म्हणजे रांग भरलेली असताना सेकंदाला 8,000 विनंत्या पुऱ्या होतात. मशीनांनी एका वेळी 64 विनंत्या पाठवल्या, तर निम्म्या कर्नलमध्ये थांबतात आणि केएव्हीजीही 4 दिसतो. आता रांग 64 केली. केएव्हीजी शून्यावर आला. पण अ‍ॅरेची कुवतच 8,000 असेल, तर डीएव्हीजी 8 होतो आणि जीएव्हीजी होता तिथेच राहतो. थांबण्याची जागा बदलली, थांबणे तेवढेच राहिले. म्हणून रांग वाढवल्यावर केएव्हीजीकडे पाहून समाधान मानू नये. सेकंदाला पुऱ्या होणाऱ्या विनंत्या वाढल्या का, ते पाहावे. ही तपासणी न करता केलेले ट्यूनिंग मी ट्यूनिंग मानत नाही.

डीएव्हीजीच मोठा असला, तरी दोष अ‍ॅरेचाच असतो असे नाही, कारण त्या आकड्यात केबल आणि स्विचही मोजले जातात. एकाच होस्टला त्रास असेल, तर त्याचे अडॅप्टर आणि पाथ तपासावेत. सगळ्या होस्टना असेल, तर अ‍ॅरेकडे वळावे. तिथे कॅशेची बॅटरी खराब झाल्यामुळे लेखन थेट डिस्कवर जात असेल, तर वाचन ठीक आणि लेखन संथ असे चित्र दिसते. रेड 5 वर प्रत्येक छोट्या लेखनामागे डिस्कवर चार क्रिया होतात: जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचणे, मग दोन्ही नव्याने लिहिणे. शिवाय मिनिटाला 7,200 फेऱ्यांच्या डिस्कला अर्धी फेरी पुरी करायलाच सुमारे 4.2 मिलिसेकंद लागतात. तो वेळ कोणत्याही सेटिंगने वाचत नाही.

उलट, जीएव्हीजी लहान आणि मशीनच्या आतल्या लिनक्सवर आयओस्टॅटने दाखवलेला विनंतीचा सरासरी वेळ (अवेट) मोठा, असे असेल तर रांग मशीनच्या आत आहे. पीव्हीएससीएसआय कंट्रोलरवर प्रत्येक डिस्कची रांग मुळात 64 ची असते. डेटाबेस त्याहून जास्त विनंत्या सोडत असेल, तर त्याच्या फायली अनेक व्हर्च्युअल डिस्कवर आणि अनेक कंट्रोलरवर वाटाव्यात.

हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. तासाच्या आलेखात अर्ध्या मिनिटाची उसळी सपाट होऊन जाते. म्हणून तक्रारीच्या वेळेतच ईएसएक्सटॉपची बॅच नोंद घ्यावी आणि त्या वेळी बॅकअपचे स्नॅपशॉट एकत्र होत होते का, ते तिच्याशी ताडून पाहावे.