कचऱ्याचा काढा

कळंबकरहो, चिंतामणीच्या कुंडात पाणी चढलं की आपण हात जोडतो. त्याच जमिनीखालच्या पाण्यात कचऱ्यातून काय झिरपतं?

अमेरिकेने १९९० मध्ये चाचणी ठरवली: कचरा बारीक करा, व्हिनेगरसारख्या पातळ आम्लात अठरा तास घुसळा, गाळा, शिसं मोजा. लिटरमागे ५ मिलिग्रॅम भरलं की कचरा घातक. आपल्या २०१६ च्या नियमांतही हीच रीत आहे, पण कारखान्यांसाठी. गावाच्या कचऱ्याला वेगळा नियम २००० मध्ये आला होता: डेपोआधी भूजलाची नोंद, नंतर ५० मीटरच्या आत वेळोवेळी तपासणी. तोवर पुण्याचा कचरा उरुळी-फुरसुंगीला पडतच होता. तिथल्या विहिरी नासल्या, लोक टँकरवर आले.

आपल्याकडची ती पहिली नोंद मी माहिती अधिकारात मागतोय. मिळाली की इथेच टाकतो.