पाट्याचे पोलाद

चांगला कोयता कशाचा, असे लोहाराला विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : 'पाट्याचा'. पाटा म्हणजे ट्रकच्या आसावर बसवलेल्या स्प्रिंगमधील एक पट्टी. ती लोहाराच्या ऐरणीवर कशी पोचली?

एके काळी आपल्याकडे पोलाद घरचेच होते. आजच्या तेलंगणात व दक्षिणेत इतरत्रही लहान मुशींत लोखंड आणि लाकूड एकत्र तापवून 'वुट्झ' पोलाद तयार करीत. त्यात शेकडा १ ते २ कार्बन असे. लंडनमध्ये मायकेल फॅरडेने १८१९ साली त्याचे विश्लेषण केले, एवढी त्याची कीर्ती होती. पुढे इंग्लंडहून स्वस्त लोखंड येऊ लागले, कोळशासाठी लाकूड मिळेना आणि एकोणिसाव्या शतकात गावोगावच्या भट्ट्या विझत गेल्या. लोहार राहिला, पण कच्चा माल बाजारातून घेण्याची वेळ त्याच्यावर आली.

बाजारातल्या साध्या पट्टीत कार्बन शेकडा ०.२ च्या आसपास. तिला कितीही पाणी द्या, धार टिकत नाही. मग मोटारी आल्या. १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. खड्ड्यांतून जाताना पाट्याला वाकून पुन्हा पूर्ववत व्हावे लागते. म्हणून त्यात शेकडा ०.५ ते ०.६ कार्बन आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असते. धारेच्या अवजाराला नेमके हेच हवे! भंगारात निघालेला पाटा म्हणजे लोहाराला स्वस्तात मिळालेले उत्तम पोलाद. नेपाळमधील कामी कारागीरही खुकरी याच पाट्यापासून घडवतात.

मात्र नुसता माल चांगला असून भागत नाही. पाते लालभडक तापवून पाण्यात बुडवले की ते अतिशय कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून कुशल कारागीर फक्त धारेलाच पाणी देतो. पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकते आणि घासून उजळलेल्या धातूवर आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग उमटतो. पिवळा साधारण २२० अंश सेल्सिअसला, निळा ३०० च्या सुमारास. कोणत्या रंगाला थांबायचे हे त्याचा डोळा सांगतो. तापमापक त्याच्याकडे नसतो.

वर्गात हे शिवणाच्या दोन सुयांवर दाखवता येईल. चिमट्यात धरून दोन्ही लाल होईपर्यंत तापवा. एक ज्योतीपासून हळूहळू दूर नेत थंड करा, दुसरी झटकन पाण्यात बुडवा. मग दोन्ही पकडीने वाकवून पाहा : पहिली वाकेल, दुसरी मोडेल. तुकडा उडू शकतो, तेव्हा प्रयोग शिक्षकांनीच करावा, डोळ्यांवर चष्मा असावा आणि मुलांना दूर बसवावे.

त्यानंतर मुलांना जवळच्या लोहाराकडे न्यावे. कोयता, कुऱ्हाड आणि छिन्नी यांना पाणी देताना तो कोणत्या रंगाला थांबतो, हे त्याला विचारून मुलांनी वहीत लिहून घ्यावे. हे ज्ञान अजून फारसे कागदावर आलेले नाही.