माहेरच्या नावाची हाक

मुलींच्या एखाद्या जुन्या शाळेतील विद्यार्थिनी पुष्कळ वर्षांनी एकत्र जमल्या म्हणजे पहिली मौज घडते ती नावांची. ज्या बाईला घरी वहिनी, काकू, आजी याखेरीज दुसरी हाक कित्येक वर्षांत ऐकू आलेली नसते, तिला एखादी वर्गमैत्रीण एकदम माहेरच्या नावाने पुकारते आणि चाळीस-पन्नास वर्षांचा पडदा क्षणात दूर होतो. मग कोणी कविता म्हणताना अडखळली, कोणाची पाटी फुटली, कोण लग्न ठरताच शाळेतून नाहीशी झाली, अशा गोष्टी निघतात. ऐकणाऱ्यास हा केवळ गप्पांचा फड वाटतो. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्या हाकेचे मोल फार मोठे आहे. ते कसे, हे पाहण्यास अहमदनगरासारखे दुसरे गाव क्वचितच सापडेल.

आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली आपले ठाणे घातले. मिस सिंथिया फॅरार या अविवाहित बाई १८२७ च्या अखेरीस अमेरिकेतून मुंबईस आल्या होत्या. तेथे मुलींच्या शाळांची देखरेख केल्यावर १८३९ पासून त्यांनी नगर हेच आपले कार्यक्षेत्र मानले आणि १८६२ साली तेथेच देह ठेवला. मुलीने अक्षर गिरविले तर घरावर अरिष्ट येते, असे समजणाऱ्या त्या काळात एका गावी इतकी वर्षे ठाण मांडून मुलींना शिकविणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

या कार्याचा परिणाम नगरच्या वेशीबाहेरही गेला. जोतीराव फुले यांनी मित्रासह नगरास जाऊन मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, आणि १८४८ साली पुण्यात त्यांची मुलींची शाळा निघाली. त्या शाळा पाहून आपणांस स्फूर्ती मिळाली, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगून ठेविले आहे. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे काही शिक्षण मिस फॅरार यांच्यापाशी नगरास घेतले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. फातिमा शेख या तेथे त्यांच्या सहाध्यायिनी होत्या, असेही सांगण्यात येते. ही गोष्ट खरी धरली, तर महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासातील ही सर्वांत थोर वर्गमैत्री होय.

पण तिचा पुरावा किती? १८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई आजारामुळे माहेरी नायगावास होत्या. तेथून जोतीरावांस लिहिलेल्या पत्रात, आपण नसल्यामुळे फातिमेवर कामाचा भार पडत असेल, अशी काळजी त्यांनी व्यक्त केली आहे. एवढा ओझरता उल्लेख! वर्गात दोघी कोठे बसत, एकमेकींस कोणत्या नावाने हाक मारीत, घरून निघताना कोणती बोलणी ऐकत, यांविषयी दोघींपैकी एकीचाही शब्द उरलेला नाही. त्या आठवणी दोघींबरोबरच गेल्या. म्हणून आज फातिमेच्या आयुष्याविषयी वाद घालावा लागतो.

शाळांचे वृत्तान्त छापले जात. पण ते लिहीत शाळा चालविणारे. त्यांत मुलींची संख्या येई, परीक्षेचा निकाल येई, देणगीदारांचे आभार येत. मुलीचे मन येत नसे. याला सुंदर अपवाद एक. १८४२ साली नगरासच सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' पत्राने १८५५ साली मुक्ताबाई या फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मांग समाजातील मुलीचा निबंध छापला. आपल्या लोकांचे दुःख तिने त्यात निर्भयपणे मांडले. छापणारा मिळाला म्हणून ती मुलगी आपणांस ऐकू येते. तिच्या बाकीच्या सोबतिणी मुक्याच राहिल्या.

ही मूकता आणखी गडद करणारी रूढी म्हणजे लग्नात नाव बदलणे. शाळेच्या पटावर मुलीचे नाव असे माहेरचे. दहा-बारा वर्षांची होते न होते तोच ती सासरी जाई, आणि केवळ आडनावच नव्हे, मूळ नावही पालटे. कल्याणची यमुना पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी झाली. दुसरी एक यमुना रमाबाई रानडे झाली. नाशिकजवळच्या जलालपूरची मनकर्णिका गोखले लक्ष्मीबाई टिळक झाली. या लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा मोठा भाग नगर व राहुरी येथे गेला. शाळेचे बाक न मिळालेल्या या बाईंनी १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली 'स्मृतिचित्रे' लिहिली, म्हणून मनकर्णिका आणि लक्ष्मीबाई एकच, हे आपण जाणतो. गोदूची आनंदीबाई कर्वे झाली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात १८८९ साली शिकावयास आलेल्या या बाईंनी 'माझे पुराण'मध्ये ते दिवस नोंदविले, म्हणून तेही हरपले नाहीत.

परंतु ज्यांनी लेखणी हाती घेतली नाही अशा हजारोंचे काय? पटावर एक नाव, संसारात दुसरे. या दोहोंना जोडणारा दुवा सरकारी दप्तरात शोधून सहसा सापडत नाही. तो असतो एका वृद्ध मैत्रिणीच्या स्मरणात. ती मैत्रीण गेली की दुवा तुटतो, आणि पटावरची मुलगी कायमची अनोळखी होते.

म्हणून अशा जुन्या विद्यार्थिनींचा मेळा जमेल तेव्हा घरातील एखाद्या नातीने वही घेऊन शेजारी बसावे. प्रत्येकीचे माहेरचे नाव आधी लिहावे, सासरचे त्यापुढे. वर्ग, साल आणि शिकविणाऱ्या बाईंचे नाव लिहावे. शाळा सुटली ती कोणत्या कारणाने, हेही विचारावे. सावित्रीबाई आणि फातिमा यांच्याजवळ अशी वही घेऊन कोणी बसले नाही. ती उणीव आता भरून येणार नाही. पण तशीच दुसरी उणीव राहू न देणे हे ज्या त्या घराच्या हातचे आहे.