ऐंशी रकान्यांचा वारसा

लिनक्सचा काळा कन्सोल मला जुन्या वाड्यासारखा वाटतो. राहणारी माणसं बदलली, पण दारांची उंची तीच. उंच माणसाने वाकूनच आत जायचं!

हे माप आलं कुठून? आयबीएमने १९२८ साली ८० रकान्यांचं भोकांचं कार्ड काढलं. कार्डं गेली, पण सवय उरली. १९७८ च्या व्हीटी १०० टर्मिनलवर ८० रकाने आणि २४ ओळी होत्या, १९८१ च्या आयबीएम पीसीवर ओळी २५ झाल्या. १९८७ साली व्हीजीए आलं. त्यात एक अक्षर ९ ठिपके रुंद, १६ ठिपके उंच. गुणाकार करून पाहा : ७२० बाय ४००. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स लिहिलं तेव्हा हाच पडदा त्याच्यासमोर होता.

पुढे १९९९ च्या २.२ कर्नलमध्ये पीसीसाठी फ्रेमबफर आला. बूट करताना 'व्हीजीए=७९१' असं सांगितलं की १०२४ बाय ७६८ चा पडदा आणि १२८ रकाने मिळत. किती जागा! २००९ पासून तर मॉनिटरचं खरं रिझोल्यूशन कर्नल स्वतःच ओळखू लागलं.

गंमत इथेच आहे. १४ इंची, ३८४० ठिपके रुंदीच्या पडद्यावर ८ ठिपक्यांचं अक्षर पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पडदा सुधारला आणि वाचणारा आंधळा झाला. रिझोल्यूशन कमी केलं तर अक्षर मोठं होतं खरं, पण एलसीडीवर ते पुसट दिसतं. खरा उपाय अक्षरच मोठं करण्याचा. १६ बाय ३२ चा टर्मिनस फॉन्ट कर्नलमध्ये आला तो २०१९ साली, ५.० आवृत्तीत. 'सेटफॉन्ट' ही आज्ञा त्याआधीही होती, पण ती द्यायची तर आधी पडदा वाचता यायला हवा ना!

आणि आपली देवनागरी? व्हीजीएच्या टेक्स्ट मोडमध्ये एका वेळी फार तर ५१२ आकार मावतात आणि प्रत्येक अक्षराला एकच चौकट. अक्षराआधी बसणारी वेलांटी, जोडाक्षरं हे त्या हिशेबात कधी नव्हतंच. कर्नलच्या कन्सोलला हे आजही नीट जमत नाही.

कुणी मुद्दाम आपल्याला वगळलं असं नाही. पण माप ठरवताना जो समोर नसतो, त्याला पुढे अनेक वर्षं वाकावं लागतं. मग तो चाळिशी लागलेला असो की मराठी लिहिणारा.